मुलांना वर्णन लिहायला कसे शिकवावे?



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून अशा उन्हाळी व्यासपीठांवरून मोठमोठ्या विषयांची चर्चा होत आली आहे. देशाचे अर्थकारण झाले, समाजसुधारणा झाली, तत्त्वज्ञान झाले. त्या मानाने माझा आजचा विषय फारच लहान आहे. सहावी, सातवी, आठवीच्या मुलांची निबंधाची वही, आणि त्या वहीतही केवळ वर्णनाचे निबंध, एवढ्यापुरतेच मला बोलायचे आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अशी एखादी वही असेलच. ती आपण कधी उघडून पाहिली असेल, तर मी काय म्हणतो ते ध्यानात यायला वेळ लागणार नाही.

त्या वहीत 'पावसाळ्यातील एक दिवस' असतो. आकाशात काळे ढग जमलेले असतात, मोर थुईथुई नाचत असतो, बेडूक डरांव डरांव करीत असतात आणि धरतीने हिरवा शालू नेसलेला असतो. आता हा मुलगा आपल्या पाटोद्याकडचा असेल तर त्याने मोर खरोखर पाहिलेला असतो. नायगावला मोरांचे अभयारण्यच आहे. परंतु वहीतला मोर तो नव्हे. तो बाजारात मिळणाऱ्या निबंधाच्या पुस्तकातून उडत आलेला आहे. नायगावकडचा मोर रात्री झाडावर बसतो, भुईमुगाच्या रानात शिरून शेंगा उकरतो, आणि शेतकरी त्याच्यामागे 'हो हो' करीत धावतो. हे सगळे त्या मुलाला ठाऊक असते. लिहायला बसला की मात्र तो मोराला नाचवतो, कारण निबंधात मोराने नाचायचे असते, अशी त्याची समजूत आपणच करून दिलेली आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली 'निबंधमाला' काढली, तेव्हा निबंध या शब्दाला धार होती. आज तोच शब्द आपण असल्या पाठांतराच्या पुस्तकांवर छापतो. शास्त्रीबोवांनी त्यावर एखादा अंक खास काढला असता!

असे का होते? आपले ठरलेले निदान असे की, मुलांजवळ शब्द नाहीत. म्हणून आपण त्यांना विशेषणांचे तक्ते देतो, वाक्प्रचारांच्या याद्या देतो, 'रम्य', 'विलोभनीय', 'नयनमनोहर' असे शब्द फळ्यावर लिहून देतो. मला हे निदान पटत नाही. हाच मुलगा शाळा सुटल्यावर कुस्त्यांच्या फडात काय झाले ते मित्राला सांगू लागला की ऐकत राहावेसे वाटते. शब्द त्याच्यापाशी आहेत. उणीव दुसऱ्याच दोन गोष्टींची आहे. एक, त्याच्यासमोर पाहायला वस्तू नाही. आणि दुसरे, ती वस्तू न पाहिलेला, ती कशी आहे हे जाणून घ्यायला उत्सुक असलेला माणूस त्याच्यासमोर नाही. निबंध वाचतात ते गुरुजी, आणि गुरुजींनी पाऊस पाहिलेला असतो. ज्याने पाहिले आहे त्याला सांगायचे तरी काय? या दोन गोष्टी मुलाला पुरवल्या की वर्णन आपोआप सुरू होते.

उदाहरण आपल्या शेतकऱ्याचेच घ्या. एखाद्याचा बैल दावे तोडून गेला. तो चार गावे हिंडतो आणि भेटेल त्याला बैलाचे वर्णन सांगतो. तो 'माझा बैल फार सुंदर आहे' असे सांगत नाही. अंग पांढरे, पण मानेवर काळसर झाक. डावे शिंग खाली कललेले. शेपटीचा गोंडा अर्धा तुटलेला. पुढच्या उजव्या पायाने थोडा दबकून चालतो. एवढे सांगितल्यावर पन्नास बैलांच्या बाजारात तो बैल ओळखू येतो. वर्णनाची याहून चांगली व्याख्या मला ठाऊक नाही. आणि गंमत अशी की फ्रान्समधल्या एका थोर कादंबरीकाराने नेमके हेच सांगितले आहे. फ्लोबेर हा मोपासाँचा लेखनातला गुरू. मोपासाँने १८८८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या एका कादंबरीच्या प्रस्तावनेत गुरूचा हा धडा नोंदवला आहे. रस्त्यावरच्या भाड्याच्या गाडीचा घोडा पाहिलास तर तो मागच्यापुढच्या पन्नास घोड्यांहून वेगळा कसा, ते मला एका शब्दात दाखव, असा तो धडा होता. फ्लोबेरचा घोडा आणि आपल्याकडचा चुकलेला बैल, दोघे एकाच दावणीचे आहेत.

हा धडा सहावीच्या वर्गात कसा द्यावा? अगदी बिनखर्ची खेळ आहे. बिंदुसरेच्या नाहीतर सिंदफणेच्या पात्रातून घमेलेभर खडे आणावेत. शक्यतो सारख्या आकाराचे. प्रत्येक मुलाने एक खडा उचलावा, पाच मिनिटे तो हातात घेऊन नुसता पाहावा, मग त्याबद्दल चार ओळी लिहाव्यात. मग सगळे खडे परत घमेल्यात टाकून ते ढवळावे. आता एकाचा कागद दुसऱ्याने वाचायचा आणि त्यावरून खडा शोधून काढायचा. पहिल्या वेळी काय होते, तर 'खडा लहान, गुळगुळीत व सुंदर आहे' असा कागद घेऊन एक मुलगी घमेल्यापुढे बसते आणि तिला एकही खडा सापडत नाही, किंवा सगळेच सापडतात! वर्ग हसतो. ज्याने लिहिले तोही हसतो. दुसऱ्या वेळी तोच मुलगा लिहितो की खड्याला एका अंगाने करपलेल्या भाकरीसारखा डाग आहे आणि दुसऱ्या अंगाला अशी खळगी आहे की त्यात अंगठा नेमका बसतो. खडा झटक्यात सापडतो. येथे गुरुजींना गुण द्यावे लागत नाहीत, तांबडी शाई लागत नाही. खडा सापडला की नाही, एवढाच निकाल. 'सुंदर' या शब्दाला बंदी घालायचीही गरज पडत नाही. त्याचा काही उपयोग होत नाही हे पाहून मुलेच तो टाकून देतात.

याच जातीचा दुसरा खेळ म्हणजे दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसवणे. एकाने हातातल्या वस्तूचे नाव न घेता वर्णन करायचे, दुसऱ्याने ऐकून चित्र काढायचे. कंदिलाची जर घागर झाली, तर चूक सांगणाराची की काढणाराची, यावर जो वाद होतो तो व्याकरणाच्या तासापेक्षा जास्त शिकवतो. पिशवीत हात घालून वस्तू चाचपून सांगणे, डोळे मिटून दोन मिनिटे ऐकणे आणि आलेले आवाज ओळीने लिहिणे, हे खेळही आता बरेच ठिकाणी चालतात. कोडी घालण्याची हौस आपल्या आज्यांना होतीच. नाव न घेता वस्तू ओळखू यावी असे सांगणे हा कोड्याचा प्राण आहे. तेव्हा ही काही परदेशातून आणलेली पद्धत आहे, असे कोणी समजू नये.

आणखी एका वस्तूची शिफारस मी आग्रहाने करीन. आपल्या जिल्ह्याचे सीताफळ. बालाघाटाच्या उतारांवरचे, धारूरकडचे सीताफळ. २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पण ते दिसते कसे, हे कोकणातल्या मुलाला कळेल असे आपल्या किती मुलांना सांगता येईल? भाद्रपद-आश्विनात एका तासाला प्रत्येक चार मुलांत एक फळ द्यावे. आधी कच्चे. त्याच्या डोळ्यांमधल्या रेषा कशा, त्या कोणत्या रंगाच्या? डोळा उघडला म्हणतात तो कसा उघडतो? फळ पिकत आले की त्या रेषा रुंदावतात आणि फिकट होतात. हे पाहण्यासाठी तेच फळ दोन-तीन दिवस फळीवर ठेवून रोज दोन ओळी लिहायच्या. मग ते फोडायचे. गर देठाकडून कसा सुटतो, बी जिभेवर कशी लागते, पिकलेले फळ हातातच का फुटते? शेवटी खायचे. (हा भाग वगळू नये.) एका फळात पाहणे आले, स्पर्श आला, वास आला, चव आली, आणि काळाने होणारा बदलही आला. हे वर्णन वाचायला त्या फळाचे झाड नसलेल्या गावचा मुलगा मिळाला तर सोन्याहून पिवळे. त्याची सोय कशी करावी, ते पुढे सांगतो.

मुले एक चूक हमखास करतात. देवळाचे वर्णन लिहिताना कळस, पायऱ्या, गाभारा, पुजारी, पुन्हा कळस असे कोठूनही कोठे उड्या मारतात. त्यांना एकच प्रश्न विचारावा. 'तू कोठे उभा आहेस?' बीडच्या कंकालेश्वराचे देऊळ पाण्याच्या मध्ये आहे. काठावरून जे दिसते ते आत गेल्यावर दिसत नाही, आणि आत उभे राहिले की काठ वेगळाच दिसतो. उभे राहण्याची जागा ठरली की वाक्यांचा क्रम आपोआप लागतो. आपल्या भाषेत ही शिस्त जुनी आहे. महानुभावांची 'स्थानपोथी' पाहा. चक्रधरस्वामी कोठे कोठे राहिले त्या जागांची नोंद त्या श्रद्धाळू माणसांनी केली, तेव्हा देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, वास्तव्य त्याच्या कोणत्या अंगाला होते, हे सारे नीट लिहून ठेवले. त्यांच्या मनात भक्ती होती, पण लेखणीत दिशा होत्या. पोथीवरून पुढच्या माणसाला ती जागा सापडली पाहिजे, एवढी एकच काळजी त्यांना होती. आमच्या खड्याच्या खेळातली काळजी ती हीच.

श्रोते हो, आतापर्यंत मी खेळांबद्दल बोललो. आता ज्यासाठी हा विषय घेतला, त्याकडे येतो.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला आपल्या जिल्ह्यातली गावेच्या गावे ऊसतोडणीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. नवराबायको मिळून एक 'कोयता'. कोणी डोकी सेंटरला, कोणी गाडी सेंटरला, कोणी टायर सेंटरला. कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी थेट कर्नाटकात. मागे मुलांसाठी हंगामी वसतिगृहे निघतात. ती चांगलीच गोष्ट आहे. तरीही बरीच मुले आईबापांबरोबर जातात आणि मार्च-एप्रिलात परत येतात. म्हणजे याच दिवसांत. आपण येथे बसलो आहोत तेव्हा ती मुले नुकतीच गावी परतली आहेत. वर्गात त्यांची जागा शेवटच्या बाकावर. त्यांच्या वहीत अर्धे वर्ष कोरे. परीक्षेला विषय येतो 'आमची शैक्षणिक सहल' किंवा 'समुद्रकिनाऱ्यावरील संध्याकाळ', आणि मुलाच्या नावापुढे शेरा पडतो की भाषा कच्ची आहे.

या मुलाने काय काय पाहिले आहे याचा हिशेब आपण कधी घेतला आहे का? पहाटेच्या काळोखात फडात शिरताना दहिवराने भिजलेली पाने अंगाला कशी लागतात, ते त्याला ठाऊक आहे. उसाच्या पानाची कड हाताला कशी कापते, ते ठाऊक आहे. आई एका हाताने ऊस धरून दुसऱ्या हाताने कोयता घालते त्याचा आवाज, पाचटावरून चालताना होणारा आवाज, रात्री अपरात्री ट्रक आला की डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढणाऱ्या बापाची सावली, कारखान्याच्या धुराड्याचा उजेड, मळीचा वास, आणि या साऱ्यात मांडीवर धाकट्या बहिणीला घेऊन कोपीच्या दाराशी बसलेला तो स्वतः. वर्गातल्या इतर चाळीस मुलांपैकी कोणीही हे पाहिलेले नाही. गुरुजींनीही, बहुधा, पाहिलेले नाही. म्हणजे ज्या दोन गोष्टी मी मघाशी मागितल्या, पाहिलेली वस्तू आणि ती न पाहिलेला ऐकणारा, त्या दोन्ही या एका मुलाला लाभल्या आहेत. वर्णनलेखनाच्या दृष्टीने वर्गातला सर्वांत श्रीमंत मुलगा तो आहे, आणि आपण त्याला समुद्राबद्दल लिहायला सांगतो!

टॉल्स्टॉयने आपल्या यास्नाया पोल्याना या गावी १८५९ साली शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा उघडली होती. १८६२ साली त्याने एक लेख लिहिला. त्याचा मथळाच मोठा बोलका आहे. लिहायला कोणी कोणाकडून शिकावे, शेतकऱ्यांच्या मुलांनी आमच्याकडून, की आम्ही त्यांच्याकडून? एका म्हणीवरून गोष्ट लिहायचा बेत होता. टॉल्स्टॉय लिहायला बसला आणि फेदका व स्योमका ही दोन मुले सांगू लागली. गोष्टीत एक शेजारी येतो. फेदकाने त्याच्या अंगात बायकी कातडी कोट घातला. बायकीच का? टॉल्स्टॉय विचार करू लागला, आणि त्याच्या ध्यानात आले की त्या एका कोटातून किडकिडीत, अरुंद छातीचा, घाईत हाताला लागेल ते अंगावर टाकून बाहेर पडलेला एक सबंध माणूस उभा राहतो. एवढा मोठा लेखक त्या मुलापुढे थक्क झाला. माझे म्हणणे असे की असा फेदका आपल्या शाळांच्या शेवटच्या बाकावरही बसलेला असू शकतो. त्याला विचारणारा मात्र हवा.

विचारताना एक पथ्य पाळावे लागते. हे मूल आपल्या कष्टांचे प्रदर्शन मांडायला वर्गात आलेले नाही. 'तुझ्या हालअपेष्टा सांग' असे त्याला कधीही म्हणू नये. तसे म्हटले की तो एकतर गप्प बसेल, नाहीतर आपल्याला हवे ते रडगाणे लिहून देईल, आणि तेही त्या नाचऱ्या मोराइतकेच उसने असेल. त्याला जाणकार समजून विचारावे. कोपी कशी उभारतात? आधी काय रोवतात, चटई कोठून बांधतात, दार कोणत्या अंगाला ठेवतात? मोळी बांधायला काय वापरतात? वाढे म्हणजे काय, आणि ते कोण विकत घेतो? चांगले सांगितले तर वर्गाला फळ्यावर कोपीचे चित्र काढता आले पाहिजे. चित्र चुकले की तो मुलगा उठून ते दुरुस्त करील. सहा महिन्यांनी परत आलेला मुलगा वर्गाला काही शिकवीत खडू हातात घेऊन उभा आहे, एवढे जरी घडले तरी त्याचे शाळेशी तुटलेले सूत पुन्हा जुळायला मदत होईल.

आता शुद्धलेखनाचा प्रश्न. हा मुलगा 'वाढे' न लिहिता 'वाढं' लिहील, 'कोपी' लिहील, 'माळवद' लिहील, माळवदाच्या साण्यातून पडणारा कवडसा लिहील. गुरुजी तांबड्या शाईने 'झोपडी', 'छप्पर', 'खिडकी' असे बदलून देतात. हे मला अगदी नापसंत आहे. साणे म्हणजे खिडकी नव्हे, आणि कोपी म्हणजे कोणतीही झोपडी नव्हे. नेमका शब्द काढून ढोबळ शब्द घातला, तर ती सुधारणा कसली? ज्यांना आठवत असेल त्यांना, किंवा ज्यांनी आपल्या आजोबांकडून ऐकले असेल त्यांना, ठाऊक आहे की १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामी राज्यात होतो आणि माध्यमिक शाळेत आपल्या मुलांना उर्दूतून शिकावे लागे. घरची भाषा शाळेच्या दाराबाहेर ठेवून आत जायचे. पुढे मराठी शाळेत आली. ती आल्यावर आपणच तिच्यातले घरचे शब्द वेचून पुन्हा दाराबाहेर ठेवणार असू, तर कठीण आहे. ऱ्हस्वदीर्घ सुधारावेत, जरूर सुधारावेत. पण पहिल्या वाचनात नाही. पहिल्या वाचनात कागदाखाली एक प्रश्न लिहावा, 'कोपीत उजेड कोठून येतो?' किंवा 'त्या वेळी बैल कोठे बांधले होते?' मुलाने उत्तर लिहिले की वर्णन दोन ओळींनी वाढते. शुद्धलेखन दुसऱ्या दिवशी पाहावे.

यावर शिक्षकबंधूंचा आक्षेप मला ठाऊक आहे. वर्गात पन्नास मुले, अभ्यासक्रम डोंगराएवढा, निबंधाला गुण थोडे. आक्षेप खोटा नाही. पण मी सांगतो त्याला सबंध तास लागत नाही. शाळेच्या आवारातले एक लिंबाचे झाड घ्या. रोज हजेरी होताना दोन मुलांनी बाहेर जाऊन ते पाहायचे आणि फळ्याच्या कोपऱ्यात एकच वाक्य लिहायचे. कालच्या वाक्यात होते ते आज लिहायचे नाही. आठवडाभर सोपे जाते. मग मुले अडतात, आणि अडली की झाडाजवळ जाऊन बघू लागतात. साल, मुंगळे, पानगळ, तांबूस पालवी, निंबोळ्यांवर येणारे पक्षी. वर्षाच्या अखेरीस त्या एका झाडावर दोनशेच्या आसपास वाक्ये झालेली असतात. गुणांचे म्हणाल, तर ठरीव निबंधालाही बरे गुण मिळतात हे खरे. पण गठ्ठ्यातला साठावा मोर नाचून गेल्यावर परीक्षकाच्या हाती शेंगा उकरणारा मोर आला, तर त्याची झोप उडेल असा माझा अंदाज आहे.

राहिली वाचकाची सोय. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात होते तेव्हा मुलांसाठी हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढीत. रोज! आपल्याला महिन्याला एक भित्तिपत्रक काढायला हरकत नसावी. त्याहून सोपे म्हणजे पत्र. दिवाळीपूर्वी टोळ्या निघतात त्या आठवड्यात, जी मुले जाणार आहेत त्यांच्या हाती शाळेने तीन-चार पोस्टकार्डे द्यावीत. शाळेचा पत्ता आधीच लिहून द्यावा, कारण फडावर तो सांगणारे कोणी नसते. तळ हलत असतो, तेव्हा उलट पत्रासाठी कारखान्याचे नाव आणि मुकादमाचे नाव शाळेने टिपून ठेवावे. फोन असतात हे मला ठाऊक आहे, आणि फोनवरून बोलता येते हेही. पण वडिलांचा फोन दिवसभर वडिलांबरोबर फडात असतो, आणि पोस्टकार्ड दप्तरात राहते. मुलाला निबंधाचा विषय देऊ नये. पहिल्या कार्डात त्याने एवढेच लिहावे की कोपीच्या दारात बसले असता समोर काय दिसते. कार्ड आले की ते वर्गात मोठ्याने वाचावे, आणि ज्या मुलाला ऐकताना काही कळले नाही त्याने त्याच दिवशी उलट पत्री तेवढेच विचारावे.